शंभर यार्डांचं रिंगण

"तो लाल बोया दिसतोय ना, किती लांब आहे इथून?" परीक्षकांनी विचारलं.

"शंभर यार्ड," मी म्हटलं. मला खात्री होती.

गोल्फ खेळणारे वापरतात तसली अंतर मोजायची दुर्बीण त्यांनी खिशातून काढली, डोळ्याला लावली आणि माझ्या हातात दिली. आत आकडा होता ६१.

ही गोष्ट ऑगस्ट २०१५ ची. शिकागोच्या किनाऱ्यापासून थोडं आत, मिशिगन सरोवरात, मी बोटीवरच्या खलाशाची परीक्षा देत होते. गाठी बांधून झाल्या होत्या. दोर फेकून झाला होता. पाण्यात पडलेला माणूस म्हणून टाकलेला पुतळा उचलून झाला होता, दुसरी बोट ओढून नेऊन झाली होती. या सगळ्यात मी पास होते. अंतराचा प्रश्न परीक्षेच्या यादीत नव्हताच. पुढच्या उन्हाळ्यात शिडाची मोठी जहाजं शहरात येणार होती, म्हणून त्यांनी तो जाता जाता विचारला. पण घरी जाताना माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. एकसष्टला मी शंभर समजत होते. म्हणजे जहाजाभोवतीच्या राखीव पाण्यात जवळजवळ चाळीस यार्ड आतपर्यंत मी कुणालाही जाऊ दिलं असतं, आणि वर सगळं ठीक आहे असं रेडिओवर कळवलंही असतं.

मी मूळची मुरूडजवळच्या राजपुरीची. जंजिरा पाहायला गेलेल्यांना तो धक्का आठवत असेल. तिथून शिडाच्या होड्या किल्ल्याच्या दरवाजापर्यंत माणसं नेतात. त्यातली एक माझे काका चालवायचे. आम्ही पोरं धक्क्यावरून उड्या मारायचो, आणि समोरून होडी येत असली की काका लांबूनच ओरडायचे, "बाजूला व्हा रे, हिला रिव्हर्स नाही!" यांत्रिक बोट आली की आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत हलायचो नाही, कारण ती थांबते हे आम्हाला माहीत होतं. शिडाची होडी थांबत नाही, हे काकांनी ओरडून ओरडून आमच्या अंगात मुरवलं होतं.

इकडे मी पोटापाण्याला आकडेमोडीचं काम करते. २०१३ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि त्याच वर्षी मी कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, चालवायला लागले. सुरक्षित नौकानयनाचा एक वर्ग केला, तो शिकवणारी माणसं अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या, म्हणजे कोस्ट गार्डच्या, ऑक्झिलरीची होती. ही स्वयंसेवकांची संघटना १९३९ पासूनची. कोस्ट गार्डला हातभार लावायचा, पगार नाही, हातात हत्यार नाही, कुणाला अटक करायचा अधिकार नाही. बोटीसुद्धा सभासदांच्या स्वतःच्याच. दरवर्षी तपासून घ्यायच्या, आणि कोस्ट गार्डचा लेखी आदेश मिळाला की त्या दिवसापुरती ती बोट कामावर. इंधनाचे पैसे मिळतात, वेळेचे नाहीत. मंडळातल्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "मग करतेस कशाला?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. पाण्यावर कामाचं माणूस म्हणून जायचं होतं, पाहुणी म्हणून नाही, एवढंच होतं.

भरती सोपी, पण संथ. अर्ज, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची चौकशी, मग महिनोन्महिने वाट. आपत्तीच्या वेळी कोण कुणाला जबाबदार असतं, याचे संगणकावरचे धडे. हिवाळ्यात शिकागोची बंदरं बंद असतात आणि बोटी काढून ठेवलेल्या असतात. त्यामुळे सराव गाडीतळावर. बर्फ बाजूला सारून आम्ही दोर फेकायचो. दोराची अर्धी गुंडाळी एका हातात, अर्धी दुसऱ्या हातात, आणि नेम माणसावर नाही, माणसाच्या डोक्यावरून पलीकडे. दोर त्याच्या अंगावर पडला पाहिजे. पुढ्यात पडला तर बुडणारा माणूस तो पकडायला पुढे झेपावतो आणि त्याची उरलीसुरली ताकद तिथेच संपते. हातमोज्यांतली बोटं बधिर व्हायची, पण ती सवय लागली ती लागलीच.

आमच्या शिक्षिका एका शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. पहिल्याच वर्गात त्यांनी ईस्टलँडची हकिगत सांगितली. २४ जुलै १९१५. एका कारखान्याचे कामगार आणि त्यांची कुटुंबं सहलीला निघाली होती. शिकागो नदीत, शहराच्या मध्यावर, काठाला बांधलेली असतानाच ती आगबोट कलंडली आणि ८४४ माणसं गेली. वादळ नाही, टक्कर नाही. वरच जड झालेली बोट आणि वरच्या मजल्यांवर दाटलेली माणसं. "तुम्ही बंदोबस्ताला जाल तेव्हा जहाजाकडे कमी आणि बघणाऱ्यांच्या बोटींकडे जास्त बघा," त्या म्हणाल्या. "काहीतरी बघण्यासारखं आलं की बोटीवरची सगळी माणसं एकाच कठड्याला जातात." मी राजपुरीत हे शंभरदा पाहिलं होतं. किल्ला जवळ आला की सगळे एका बाजूला, आणि काका दटावून निम्म्यांना पलीकडे बसवणार.

२०१६ च्या वसंतात वर्ग सुरू झाले ते याच कामाचे. सेफ्टी झोन म्हणजे काय, हे मी तोवर ऐकून होते. उन्हाळ्यात शिकागोच्या नेव्ही पिअर या धक्क्यावर बुधवारी आणि शनिवारी आतषबाजी होते, तेव्हा तिथल्या पाण्याचा एक तुकडा तेवढ्या वेळापुरता बंद ठेवतात. तो नकाशावर दाखवता येतो. शोभेची दारू भरलेला तराफा एका जागी उभा असतो, अक्षांश-रेखांश छापलेले असतात, बोया पाहून माणूस म्हणू शकतो की इथपर्यंत मी आणि इथून पुढे नाही. शिडाच्या जहाजांचं तसं नव्हतं. त्या उन्हाळ्यात जहाजांचा ताफा ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांमधल्या बंदरांना एकामागून एक भेट देत होता, आणि नियम असा की प्रत्येक जहाजाभोवती शंभर यार्डांचं पाणी राखीव. जहाज चालतं तसं ते वर्तुळ चालतं. आत यायचं तर रेडिओच्या चॅनेल १६ वर गस्तीच्या बोटीची परवानगी घ्यायची, आणि आत असाल तोवर बोट ताब्यात राहील इतक्याच मंद वेगाने जायचं. हा नियम कोस्ट गार्ड काढतं. सरकारी राजपत्रात छापून येतो, खलाशांच्या सूचनांत येतो, रेडिओवर वाचून दाखवतात. उत्सव संपला की नियमही संपतो.

मला ते ऐकताना वारीतलं रिंगण आठवलं. अश्व धावतो त्या वाटेला काही कुंपण नसतं. हजारो माणसं स्वतःच पाय मागे घेऊन ती जागा मोकळी ठेवतात, आणि चोपदाराच्या हातात फक्त एक दंड असतो. फरक एवढाच, की वारकऱ्याला रिंगण कुठे आहे हे ठाऊक असतं. सरोवरावर सुट्टीला आलेल्या माणसाला आपण कशाच्या आत शिरलो हे दिसतच नाही.

शंभर यार्डच का, हेही नीट समजावलं होतं. शिडाचं जहाज बंदरात शिरताना बहुधा इंजिनावरच येतं, पण उंच डोलकाठ्या आणि इतके दोर यांवर वारा बसतो आणि जहाज आडवं सरकतं. पुढच्या टोकाला तिरकी काठी बाहेर आलेली असते. सुकाणूपाशी उभ्या माणसाला नाळेखालचं, म्हणजे त्या पुढच्या टोकाखालचं, पाणी दिसत नाही, तिथे कयाक असली तर ती त्याच्या दृष्टीने नाहीच. वर काठ्यांवर माणसं चढलेली असतात. एखाद्या मोटरबोटीची लाट बाजूने लागली, तर खाली किंचित हलतं ते वर हातभर हलतं. शिवाय काही जहाजं मानवंदनेला तोफा उडवतात.

माझा प्रश्न एकसष्टचा होता. जमिनीवर सोडवायचा ठरवला. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर, पण आकड्याने डोळ्याला काही कळत नाही. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची. साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की नव्याण्णव होतात. हे माप माझ्या नवऱ्याला लगेच पटलं. सरोवराकाठच्या पायवाटेवर तो नारिंगी जाकीट घालून चालत जायचा, आणि मला साडेचार वाटलं की मी हात वर करायची. मग तो पावलं मोजत परत यायचा. तीन आठवड्यांत जमिनीवर चूक पाच-सात यार्डांवर आली. पाण्यावर पुन्हा वाढली. पाण्यावर मधे झाड नाही, खांब नाही, डोळा टेकायला काही नाही. शिवाय आपण बोटीत खाली बसलेलो, म्हणून मधलं पाणी दबलेलं दिसतं. तिथे उपयोगी पडलं ते दुसरं माप. जहाजाची लांबी आधी पाठ करायची. स्पेनहून आलेलं एल गॅलिऑन १७० फुटांच्या आसपास, म्हणजे त्याची स्वतःचीच लांबी दोनदा आडवी ठेवली की वर्तुळाच्या कडेच्या जरा बाहेरच. ड्राकेन ही नॉर्वेत बांधलेली व्हायकिंग बोट ११५ फुटांची, तिच्या अडीच-पावणेतीन. प्रत्येक जहाजासाठी असा एक हिशोब मी वहीत लिहिला.

ड्राकेन शिकागोला येणार की नाही, हे शेवटपर्यंत नक्की नव्हतं. ग्रेट लेक्समध्ये परदेशी जहाजाला परवानाधारक वाटाड्या घ्यावा लागतो, आणि त्याचा पूर्ण प्रवासाचा खर्च चार लाख डॉलरपर्यंत जाईल असं निघालं. लोकांनी वर्गणी काढली आणि ती आली. मला तिचं विशेष वाटत होतं, कारण १८९३ च्या जागतिक प्रदर्शनालाही नॉर्वेहून अशीच एक व्हायकिंग बोट अटलांटिक ओलांडून शिकागोला आली होती. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, ते आपल्याला शाळेपासून माहीत असतं. बंदराच्या तोंडाशी आज उभं असलेलं दीपगृहही त्याच वर्षाचं, नंतर जागा बदललेलं.

२७ जुलै, बुधवार. निघण्याआधी आमच्या बोटीवर चौघांनी धोक्याचा तक्ता भरला. देखरेख, नियोजन, माणसांची निवड, त्यांची तब्येत, हवापाणी, कामाची गुंतागुंत, अशा सहा गोष्टींना शून्य ते दहा गुण. बेरीज २३ पर्यंत हिरवा, ४४ पर्यंत पिवळा, त्यावर लाल. प्रत्येकाने गुण मनात धरायचे आणि सगळ्यात नव्या माणसाने आधी बोलायचं, म्हणजे मोठ्यांच्या आकड्याकडे बघून तो आपला आकडा बदलत नाही. मी गुंतागुंतीला आठ दिले. बोटप्रमुखांनी, म्हणजे आमच्या त्याच शिक्षिकेने, सहा दिले होते. त्यांनी मला कारण विचारलं. मी म्हटलं, आमच्या वाट्याच्या कडेला नांगर टाकून बसलेल्या बोटी पुष्कळ असतील, आणि त्या माणसांना काय करायचं ते ठाऊक नसेल. त्यांनी आपला आकडा आठ केला. आम्ही पिवळ्यात निघालो, म्हणजे जायचं, पण प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून.

आमचं काम ताफ्याच्या वाटेच्या एका कडेला उभं राहायचं. शिकागोचा काठ बराचसा काँक्रीटचा आहे, त्यावर आपटून लाटा परत येतात आणि शेकडो मोटरबोटींच्या लाटांत मिसळतात. पाणी सगळीकडून एकदमच उकळतं. खाऱ्या पाण्यात वाढलेल्या माझ्या पोटाला ते पहिल्या वर्षी सोसलं नव्हतं. दर अर्ध्या तासाने रेडिओवर आपली जागा आणि सगळं ठीक असल्याचं कळवायचं, आणि मधल्या वेळात बोलत राहायचं. आमच्या बोटीवर गस्तीची पाटी असते, पण आम्ही हुकूम सोडत नाही. "नमस्कार कप्तान, मागून मोठं जहाज येतंय, जरा उजवीकडे घ्याल का?" एवढंच. बहुतेक लोक हात हलवून बाजूला होतात. जे होत नाहीत त्यांचं वर्णन रेडिओवर द्यायचं, पुढचं काम हुकूम देऊ शकणाऱ्यांचं.

पहिली जहाजं आली तेव्हा मी क्षणभर काम विसरले. नायगारा, १८१३ च्या एरी सरोवरातल्या लढाईशी नातं सांगणारं दोन डोलकाठ्यांचं जहाज. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानातून अशीच जहाजं बांधली, त्यातलं १८१७ चं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये तरंगतं. काकांना हे दिसायला हवं होतं, असं वाटून गेलं.

मग ती पांढरी केबिनवाली मोटरबोट. नांगर टाकून बसलेली, वाटेच्या जरा बाहेर. वर सात-आठ माणसं, लहान मुलं, मोठ्याने गाणी. एक स्कूनर, शिडाचं जहाज, तिच्या बाजूला येत होतं. रोख तिच्यावर नव्हता, बाजूने सत्तर यार्डांवरून गेलं असतं. म्हणजे त्याचं वर्तुळ या बोटीवरून जाणार होतं. अशा वेळेसाठी नियमात स्पष्ट लिहिलंय: नांगरलेल्या किंवा बांधलेल्या बोटीने जिथे आहे तिथेच थांबायचं, वर्तुळ पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. वाचताना मला हे उलटं वाटलं होतं. राखीव जागेत सापडलो तर बाहेर पळायला नको का? तर नको. नांगरलेली बोट कुठे आहे हे जहाजावरच्या माणसाने पाहिलेलं असतं, तिच्याभोवतीची आपली वाट त्याने ठरवलेली असते.

त्या बोटीच्या मालकाला स्कूनर एकदम मोठं दिसलं असावं. तो नाळेकडे धावला आणि नांगराचा दोर ओढायला लागला. इंजिन बंद. मुलं बघायला जहाजाच्या बाजूच्या कठड्याला गेली, पाठोपाठ मोठी माणसंही. नांगर सुटला असता तर ती बोट वाऱ्याने सरकत स्कूनरच्या वाटेत गेली असती. रेडिओवर मी दोनदा हाक मारली. गाण्यात त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. बोटप्रमुखांनी बोट सावकाश जवळ नेली, मी भोंगा घेतला आणि नम्र इंग्रजी वाक्यं तोंडात आलीच नाहीत. दोनच शब्द आले: "थांबा! नांगर!" ते मराठीत आले, हे मला नंतर सांगितल्यावर कळलं. मी दोन्ही तळवे खाली दाबून दाखवत होते. काका होडीतल्या माणसांना बसवताना करायचे तसं.

तो थबकला. मी इंग्रजीत पुन्हा सांगितलं, तुमचं आहे तिथेच ठीक आहे, दोर सोडा, मुलांना मधे बसवा. त्याने दोर सोडला. स्कूनर शांतपणे गेलं. त्याच्या सुकाणूवरच्या बाईने आमच्याकडे बघून हात वर केला. सगळं मिळून तीन-चार मिनिटं झाली असतील. माझे गुडघे मात्र बराच वेळ थरथरत होते.

त्या तीन-चार मिनिटांत आमच्या पाठीमागून एक कयाक आत गेली. आम्ही चौघेही त्या पांढऱ्या बोटीकडे बघत होतो. कानात यंत्र घातलेला एकटा मुलगा पुढच्या जहाजाच्या तीस यार्डांवर पोहोचला होता, तेव्हा पोलिसांच्या बोटीने त्याला बाहेर काढलं. त्याला काही झालं नाही. पण ती आमची कड होती आणि आमच्यातल्या एकाने मागे बघायला हवं होतं. संध्याकाळी धक्क्यावर दिवसाचा आढावा घेताना मी हे स्वतः बोलले. तेव्हापासून आमच्या बोटीवर, काहीही झालं तरी, एका माणसाची पाठ कायम गडबडीकडे असते.

त्या मालकाला मी दोष देत नाही. नियम राजपत्रात होता, रेडिओवर होता, आणि त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता. भाड्याने बोट किंवा कयाक घेणाऱ्याकडे तर बहुधा रेडिओही नसतो. पुढच्या वसंतात आम्ही एक साधं पान केलं: शिडाच्या जहाजाचं चित्र, भोवती वर्तुळ, आणि दोन ओळी. चालत असाल तर बाहेर राहा, नांगरला असाल तर हलू नका. ते घेऊन मी भाड्याच्या दुकानांत गेले. बहुतेकांनी काउंटरवर ठेवलं. एका ठिकाणी, गिऱ्हाईक घाबरेल, म्हणून परत दिलं. मी दोन आठवड्यांनी पुन्हा गेले, पुन्हा परत मिळालं. तिसऱ्यांदा तिथे एक नवीन मुलगी होती, तिने ठेवून घेतलं.

त्या बुधवारी रात्री, म्हणजे तिकडच्या गुरुवारी सकाळी, मी राजपुरीला फोन लावला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. जहाजांचं कौतुक त्यांना फार नव्हतं. त्यांनी विचारलं, "त्याने नांगराला दोर किती सोडला होता?"

मला सांगता येईना. मी ते पाहिलंच नव्हतं.

"मग बोट तिथेच राहील हे तू कशावरून ठरवलंस? वारा फिरला असता तर दोराच्या लांबीइतकी फिरली असती ती."

वहीत त्या रात्री मी जहाजांच्या लांब्यांखाली आणखी एक ओळ लिहिली. आता कड सांभाळायला उभी राहिले, की नांगरलेल्या प्रत्येक बोटीचा दोर आधी पाहते, नाळेपासून पाण्यात किती तिरका गेलाय ते, आणि वाऱ्याने दिशा बदलली तर तिची शेपूट कुठवर येईल ते.